ऑक्सफर्डजवळची काकवीची विहीर, चालत जाणार असाल तर

गेल्या शनिवारी एका वॉकिंग ग्रुपबरोबर बिन्सी गावातली पवित्र विहीर बघून आलो. गाइड म्हणजे एक रिटायर्ड शिक्षिका, हातात काठी आणि चाल अशी झपाझप की आम्ही लॅपटॉपवाले कायम मागे. चौदा जणांत मराठी मी आणि बायको दोघंच.

सुरुवात वॉल्टन वेल रोडच्या कार पार्कपासून, तिथून पाऊल टाकलं की पोर्ट मेडो, म्हणजे थेम्सकाठचं गायरान, आणि खरंखुरं गायरान बरं का, १०८६ च्या डूम्सडे बुकात शहरवासीयांची चराई म्हणून याची नोंद आहे आणि अजूनही गाई-घोडे मोकळे फिरतात, त्यामुळे खाली बघून चाला. आदल्या दिवशी पाऊस झालेला. माझे स्पोर्ट्स शूज कामातून गेले. बायकोने गमबूट घातले होते, ती काही बोलली नाही, नुसती माझ्या पायांकडे बघत होती. हिवाळ्यात इथे पाणी साचतं, तेव्हा सरळ बॉटली रोडवरून बिन्सी लेनने जा.

मेडलीचा पूल ओलांडून नदीकाठाने पुढे गेलं की पर्च नावाचा गवती छपराचा पब लागतो. टॉयलेटला जायचं तर इथेच, काहीतरी ऑर्डर करून. पुढे लेनने दहा-पंधरा मिनिटांत सेंट मार्गारेट चर्च. जायचं अंतर सगळं मिळून दोन-अडीच किलोमीटर, लहान पोरंही चालतील.

आता विहीर. माझ्या डोक्यात आपली बारव, लिंबची बारा मोटेची वगैरे, आणि इथे चर्चच्या मागे छोटी दगडी कमान, थोड्या पायऱ्या, तळाला जेमतेम पाणी. "एवढीच?" असं तोंडून गेलं, नशीब मराठीत गेलं.

पण बाईंनी गोष्ट सांगितली तेव्हा जरा खाली बसून नीट बघितलं. फ्रिडेस्वाइड ही ऑक्सफर्डची संत, आठव्या शतकातली. दंतकथा अशी की अल्गार नावाचा राजा लग्नासाठी तिच्या मागे लागला आणि आंधळा झाला, मग हिने प्रार्थना केली, झरा फुटला, त्या पाण्याने त्याला परत दिसायला लागलं. म्हणून लोक डोळ्यांसाठी इथे यायचे. अशा औषधी पाण्याच्या विहिरीला म्हणायचे ट्रीकल वेल, कारण ट्रीकल म्हणजे पूर्वी विषावरचा उतारा, औषध. नंतर त्याच शब्दाचा अर्थ झाला काकवी! आणि ‘ॲलिस इन वंडरलँड’च्या गोष्टीत तो पेंगणारा डॉरमाउस (उंदरासारखा छोटा प्राणी) काकवीच्या विहिरीत राहणाऱ्या तीन बहिणींचं सांगतो ना, ती हीच म्हणतात. तिचा लेखक लुईस कॅरोल ऑक्सफर्डच्याच क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवायचा, १८६२ च्या ४ जुलैला ॲलिस नावाच्या खऱ्या मुलीला होडीत बसवून गोष्ट सांगितली ती याच नदीवर, गॉडस्टोकडे जाताना. हे माहीत नसताना गेलात तर पाच मिनिटांत परत फिराल, म्हणून कोणीतरी सांगणारा बरोबर घ्या.

पाणी पिऊ नका. ग्रुपमधल्या एका आजोबांनी मात्र बोट बुडवून पापण्यांना लावलं, आणि परत येताना पर्चमधला मेन्यू माझ्याकडूनच वाचून घेतला.