खुर्ची घरून न्या

मुलांना सिरियलमध्ये घालावं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी हा विषय मी स्वतःहून काढत नाही. लग्नात, सोसायटीच्या गणपतीत, अगदी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेली असतानाही कुणीतरी चेहरा न्याहाळत येतं. "तुम्ही त्या सिरियलमधल्या ना? लहानपणी?" मी हो म्हणते. मग दोन मिनिटं कौतुक होतं आणि तिसऱ्या मिनिटाला खरा प्रश्न येतो. "आमच्या पिल्लूला घालायचं का हो सिरियलमध्ये? फार चुणचुणीत आहे."

माझा उलट प्रश्न ठरलेला आहे. त्याच्यासोबत दिवसभर बसणार कोण?

लोकांना वाटतं, मी टाळतेय.

मी २००० ते २००३ अशी तीन वर्षं एका डेली सोपमध्ये होते. नऊ ते बारा हे माझं वय. अल्फा मराठी (आजची झी मराठी) सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं, खासगी मराठी वाहिन्यांचे ते पहिले दिवस. आम्ही डोंबिवलीला राहायचो. सकाळी सहाची लोकल, दादरला गाडी बदलायची, गोरेगावला उतरून फिल्मसिटी. शिफ्ट नऊ ते नऊ. माझं काम फार तर दोन तासांचं, बाकी थांबणं. मला मजा यायची, हे आधीच सांगते, कारण 'बालपण हरवलं' असं काहीतरी ऐकायला लोक टपलेले असतात. स्पॉटदादा मला चहात बुडवून खारी द्यायचे, सेटवरच्या कुत्रीला पिल्लं झाली होती, गणिताचा तास चुकत होता. आणखी काय हवं?

एकदा सीन असा होता की मी आजोबांच्या मांडीवर बसून जिलबी मागते. मास्टर शॉट, म्हणजे लांबून घेतलेला अख्खा सीन, झाला, जेवणाचा ब्रेक झाला आणि शेवग्याची शेंग चावताना माझा वरचा सुळा हातात आला. कंटिन्युइटी बघणाऱ्या असिस्टंटचा चेहरा पांढराफटक. मास्टरमध्ये दात आहे, क्लोजअपमध्ये खिंडार! मेकअपदादांनी मेणाचा दात करून बसवला, तो पहिल्याच टेकला जिलबीत रुतून बसला. शेवटी डायरेक्टर म्हणाले, हिला उजवीकडून घ्या, आणि बाळा, अजिबात हसायचं नाही. एपिसोड लागला तेव्हा मावशीचा फोन आला, "काय सुंदर रुसली होतीस गं!"

तो दात आईनं रुमालाच्या कोपऱ्यात बांधून ठेवला होता. आई तिथेच होती. रोज असायची.

ती एका सहकारी बँकेत कारकून होती. पहिलं वर्ष तिनं शिल्लक रजा आणि बिनपगारी रजा यांवर काढलं, दुसऱ्या वर्षी राजीनामा दिला. घरात त्यावर मोठी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. बाबांची नोकरी फिरतीची, आजी थकलेली. मग कोण जाणार? सेटवर एका निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत ती बारा तास बसायची. मांडीवरच्या पिशवीत डबा, ओला नॅपकिन, माझं भूगोलाचं पुस्तक, आणि वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक. ते सीएआयआयबीचं होतं, बँकेतल्या बढतीसाठी देतात त्या परीक्षेचं. राजीनामा दिल्यावरही काही महिने ती ते आणत होती. पुढे त्या जागी विणकाम आलं.

ती खुर्चीसुद्धा धड तिची नव्हती. अंगणातला सीन लागला की सेट लावणारा आर्टवाला यायचा, "ताई, जरा उठता का?" एका एपिसोडमध्ये ती निळी खुर्ची मागे स्पष्ट दिसते. आई तेव्हा कुठेतरी केबलींमध्ये उभी असणार.

पैशांचंही विचारतात, तेही सांगते. दिवसाला पाचशे रुपये, चेक तीन महिन्यांनी, तोही बाबांच्या नावावर. फ्लॅटच्या हप्त्यात गेले. माझी तक्रार नाही, त्याच फ्लॅटमध्ये मी मोठी झाले. पण हा प्रश्न फार जुना आहे. १९२१ साली चॅप्लिनसोबत 'द किड'मध्ये झळकलेला जॅकी कूगन लाखो डॉलर कमावून मोठा झाला, तेव्हा हाती जवळपास काही उरलं नव्हतं. १९३८ साली त्यानं स्वतःच्या आईवर आणि सावत्र वडिलांवर दावा लावला. त्यातून पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईसाठी कायदा झाला. आपल्याकडे तसं काही यायला २०१७ उजाडलं.

हे नियम पालकांना माहीतच नसतात, म्हणून सांगते. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला बालकामगार कायद्याच्या २०१६च्या दुरुस्तीनं सरसकट बंदी आहे, अपवाद घरचा व्यवसाय आणि हे आमचं क्षेत्र. २०१७च्या नियमांनुसार निर्मात्याला त्या जिल्ह्याच्या कलेक्टरची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग सत्तावीस दिवसांपलीकडे नाही. शाळा बुडता कामा नये. कमाईतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावावर एफडीत थेट जमा व्हायला हवा. तेव्हा करार करताना दोन गोष्टी विचारा: एफडीची पावती कधी मिळेल, आणि पाच तास कॉलटाइमपासून, म्हणजे सेटवर बोलावलेल्या वेळेपासून, मोजणार की पहिल्या शॉटपासून? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा कसा हसतो तेही बघून घ्या.

दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा, असंही त्यात आहे. चांगलंच आहे. पण ताप चढलेल्या मुलाला कुशीत घेऊन 'आज हा शॉट नाही देणार' म्हणायला घरचंच माणूस लागतं. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'मध्ये १९१९ साली त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली. तिथे दिग्दर्शक बाप आणि युनिटचा स्वयंपाक करणारी सरस्वतीबाई तिची आई. लेकीसोबत कोण बसणार, हा प्रश्नच नव्हता. सचिन पिळगावकर साठच्या दशकात बालकलाकार होते आणि पंचाहत्तर साली हिंदीत नायक झाले. लोक मला नेहमी हेच उदाहरण देतात. त्यांच्यासोबत कोण बसायचं, हे मात्र सोडून देतात. उलट 'सलाम बॉम्बे'मधला शफीक सय्यद, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला रस्त्यावरचा मुलगा. पुढच्या कामाच्या दारापर्यंत त्याचा हात धरून नेणारं कुणी नव्हतं. तो पुढे बेंगळुरूत रिक्षा चालवत होता.

माझं काम कसं संपलं? लीप आला, म्हणजे गोष्टीनं एकदम वर्षं ओलांडली. मला मेकअपदादांकडून कळलं, "बाळा, पुढच्या महिन्यात बारा वर्षं पुढे जातोय आपण." शेवटचा शॉट असा होता की मी दप्तर घेऊन जिना चढते आणि त्याच जिन्यावरून कॉलेजातली मुलगी उतरते. सेटवरच्या जिन्याला वर खोली नसते. प्लायवूडचा एक चौकोन, आणि मागून उतरायला शिडी. वर पोचले तर ती दुसरी ताई ओढणी सावरत तयार उभी होती. शिडीवर खालून दुसऱ्या पायरीवर आई, हात वर करून. मी दप्तर आधी तिच्याकडे टाकलं, मग उतरले.

त्यानंतर मी लहान रोलला मोठी आणि मोठ्या रोलला लहान, अशी चार वर्षं गेली. आता डबिंग करते. कार्टूनमधल्या बऱ्याच मुलग्यांचा आवाज माझा असतो. म्हणजे सोडलं असं नाहीच. आईला मात्र बँकेनं परत घेतलं नाही. तिनं तसं विचारलंही नव्हतं, असं ती म्हणते. तिनं पंधरा वर्षं शिकवण्या घेतल्या.

मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या ताई आल्या होत्या. मुलीची लुक टेस्ट झाली, कॉल आलाय. मी नेहमीचं विचारलं. "मीच की, दुसरं कोण?" त्या हसून म्हणाल्या. नोकरी? "बघू, वर्क फ्रॉम होम देतात का."

मी त्यांना फार काही बोलले नाही. पोरगी खरंच गोड आहे, आणि तिला हौस आहे. नियमांचा कागद दिला आणि एक सांगितलं. फोल्डिंगची खुर्ची घरून न्या. मागे नाव लिहा, मोठ्या अक्षरात. प्रॉडक्शनच्या खुर्च्या सीन लागला की उचलून नेतात.