घेतलास की घेतलेस

"आई, पासपोर्ट घेतलास ना?"

"घेतला गं."

रविवारी पहाटे न्यू जर्सीतल्या लेकीच्या एडिसनच्या घरून नेवार्कच्या विमानतळाकडे निघताना गाडीत एवढंच बोलणं झालं. मी पर्समध्ये हात घालून चाचपूनही पाहिला. निळं गुळगुळीत कव्हर, आत २०३४ पर्यंतची मुदत. लेकीने 'घेतलेस ना' असं विचारलं असतं, तर मी तिथेच गाडी वळवायला लावली असती. पासपोर्ट एक असो की दोन, शब्द तोच राहतो. फरक पडतो तो क्रियापदाच्या एका मात्रेत. त्या मात्रेपायी मायामीहून निघणारं माझं क्रूझचं जहाज चुकलं, आणि माझ्यापायी लेकीचंही.

माझे पासपोर्ट दोन आहेत. जुना २०१४ चा. त्यात अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, २०१७ च्या ऑक्टोबरात मिळालेला. मुंबईला बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखतीला आम्ही दोघं पुण्याहून पहाटेच निघून गेलो होतो. हे वाटेत तीनदा फाइल उघडून कागद मोजत होते. खिडकीत प्रत्यक्षात दोनच प्रश्न विचारले, लेकीकडे किती दिवस राहणार आणि तुम्ही काय करत होतात. त्यानंतर त्या पासपोर्टवर आम्ही दोनदा अमेरिकेला जाऊन आलो. २०२२ मध्ये हे गेले.

२०२४ मध्ये पासपोर्टची मुदत संपत आली, व्हिसाची मात्र तीन वर्षं शिल्लक होती. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात गेले. ए काउंटरला फोटो आणि बोटांचे ठसे, बी ला कागदांची तपासणी, सी ला अधिकारी. तिथे जुना पासपोर्ट रद्द करताना कात्री निघाली तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं. "व्हिसाच्या पानाला लावू नका हो," म्हटलं. तो तरुण मुलगा म्हणाला, "नाही लावत आजी, कव्हरचा कोपरा फक्त. व्हिसा जिवंत आहे तुमचा, दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवा." कव्हरचा छोटासा त्रिकोण टेबलावर पडला. वर रद्द केल्याचा शिक्का बसला. नवा पासपोर्ट पोस्टाने घरी आला, त्याच्या शेवटच्या पानावर जुन्याचा नंबर, तारीख आणि ठिकाण छापलेलं होतं. म्हणजे मला सांगितलेलं होतं, समजलेलंही होतं. नेवार्कला उतरले तेव्हा दोन्ही पासपोर्ट रबरबँडने बांधून खिडकीत दिले होते. अधिकाऱ्याने जुन्यातला व्हिसा पाहिला, नव्यावर शिक्का मारला. दोन मिनिटांत काम झालं.

मग जुना पासपोर्ट मी एडिसनच्या घरात टेबलाच्या खणात का ठेवला? खरं कारण सांगते. त्यात आमच्या दोघांच्या प्रवासाचे शिक्के आहेत. सिंगापूरचा आहे, नेवार्कचे दोन आहेत. गर्दीत, जहाजावर, समुद्रकिनाऱ्यावर तो हरवला तर मला परत कुठून मिळणार? म्हणून जपून ठेवला. आणि मनात हिशोब असा होता, की व्हिसा लागतो तो अमेरिकेत शिरायला. मी तर शिरलेली आहे. जहाज मायामीहून निघून मेक्सिकोतल्या कोझुमेलला जाऊन मायामीलाच परत येणार, मधे चार रात्री. म्हणजे आपण काही देश सोडून कायमचे जात नाही. असं मला वाटलं, लेकीलाही वाटलं. नेवार्कच्या सुरक्षा तपासणीत नवा पासपोर्ट दाखवला, पुरला. देशांतर्गत विमानाला फक्त ओळख पटवायची असते, व्हिसा कोण पाहतो? तिथे कुणी अडवलं असतं तरी रविवारचा अख्खा दिवस हातात होता.

सोमवारी दुपारी बारा-साडेबाराला बंदरावर पोचलो. मायामीचं हे बंदर एका बेटावर आहे, आणि पुलावरूनच ती पांढरी जहाजं दिसायला लागतात. आमच्या सोसायटीच्या इमारती सात मजली, हे त्याहून दुप्पट उंच असेल. नातू गाडीच्या काचेला नाक लावून मजले मोजत होता. टर्मिनलच्या दारातच हमालांनी मोठ्या बॅगा नेल्या, त्या परस्पर खोलीत येतात. आमचा उत्साह काय सांगू! मी तर नवी सुती पँट शिवून घेतली होती, डेकवर सकाळी फिरायला.

रांगेत आमच्या चौघांचे कागद एकाच बाईंनी घेतले. आधी नातू. तो नऊ वर्षांचा, जन्माने अमेरिकन. इकडे सोळाच्या आतल्या मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्याचा संपला होता आणि नवा यायचा होता. त्यामुळे त्याचा फक्त जन्मदाखला नेला होता, न्यू जर्सीचा, उठावाचा शिक्का असलेला. बाईंनी त्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि हसून कागद परत दिला. जहाज अमेरिकेच्या ज्या बंदरातून निघतं त्याच बंदरात परत येणार असेल, तर अमेरिकन नागरिकाला पासपोर्टची सक्ती नाही. मोठ्यांना जन्मदाखल्याबरोबर फोटोचं सरकारी ओळखपत्र लागतं, लहान मुलांना नुसता दाखला चालतो. मग लेक आणि जावई, दोघांची ग्रीन कार्डं आणि भारतीय पासपोर्ट. तेही झालं. मग माझा नवा पासपोर्ट उघडला गेला.

त्यांनी पानं उलटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत. सगळी कोरी, एक नेवार्कचा शिक्का सोडून. पानांचा तो करकरीत आवाज अजून माझ्या कानात आहे.

"तुमचा व्हिसा?"

तोपर्यंत मला कळलं होतं. लेकीला कळायला आणखी दोन क्षण लागले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, जुना कुठाय?"

"खणात."

पुढचा पाऊण तास मी एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. लेकीने फोनमध्ये जुन्या व्हिसाचा फोटो शोधून काढला, तो स्पष्ट होता, नंबरसुद्धा वाचता येत होता. वरिष्ठ आले. त्यांनी फोटो नीट पाहिला, खाली बसून माझ्याशी बोलले, हे मी विसरणार नाही. ते म्हणाले, व्हिसा खरा असेल, माझा विश्वास आहे, पण मला मूळ कागद बघावा लागतो. परत येताना हे जहाज परदेशातून आलेलं असतं. तुम्ही पुन्हा नव्याने अमेरिकेत शिरत असता. व्हिसा नसलेला प्रवासी आणला तर दंड कंपनीला होतो. आणि मेक्सिको तुम्हाला वेगळा व्हिसा मागत नाही तो तुमच्या अमेरिकन व्हिसाच्या जोरावरच. तोच नसेल तर कोझुमेलला उतरणारही नाही तुम्ही.

सगळं बरोबर होतं. शब्दाला शब्द लावायला मला जागाच नव्हती. नऊ वर्षांच्या मुलाला एक कागद पुरला आणि मला दोन पासपोर्ट असून पुरले नाहीत, हे त्या क्षणी फार टोचलं. कायदा मला कळतो. तरी टोचलं.

एडिसनच्या शेजाऱ्यांकडे किल्ली असते. त्यांना फोन झाला, ते दुपारीच कुरियर करायला तयार होते, पण पासपोर्ट येणार दुसऱ्या दिवशी. जहाज निघणार चारला. निघण्याच्या तासभर आधी प्रवाशांची यादी सरकारकडे जाते, मग त्यात नाव घालता येत नाही. जावई म्हणाले, "आई, आपण सगळेच राहू या." ते मनापासून म्हणत होते. पण नातवाने गळ्यात जहाजाचं कार्ड घातलं होतं, आणि तो एकदा बापाकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, तो जाणार. मी हॉटेलात एकटी राहते, मला काय होतंय? लेकीने ऐकलं नाही. तिने तिथल्याच एका कागदावर 'मुलाला वडिलांबरोबर जायला माझी संमती आहे' असं लिहून सही करून दिलं. कुणी मागितलं नव्हतं, तिला तेवढंच करता येत होतं. माझी मोठी बॅग केव्हाच आत गेली होती. ती चार हजार बॅगांतून शोधत बसायला वेळ नव्हता, म्हणून तीही गेली.

"आजी, तू उद्या येशील?" नातवाने विचारलं. मी "शुक्रवारी भेटू" म्हटलं.

टॅक्सीत लेक एकदाच बोलली. "मी विचारलं होतं आई." मग दोघी गप्प. मला उत्तर होतं, पण मात्रेचं कारण सांगून काय उपयोग! थोड्या वेळाने तिने माझा हात हातात घेतला आणि टॅक्सीवाल्याला हॉटेलऐवजी दुसरीच जागा सांगितली.

मायामी बीचच्या अगदी दक्षिण टोकाला एक बाग आहे, साउथ पॉइंट पार्क. बंदरातून बाहेर पडणाऱ्या जहाजांना तिच्या कडेच्या अरुंद खाडीतूनच समुद्रात जावं लागतं. पलीकडे फिशर बेट, अलीकडे ही बाग, आणि मधून ते अजस्र जहाज. साडेचारच्या सुमाराला आलं. इतक्या जवळून जातं, की कठड्याला टेकलेल्या माणसांच्या शर्टांचे रंग दिसतात. आवाज जवळजवळ नाही. झाडांच्या मागून एक पांढरी भिंत सरकत येते आणि आपल्यावरचं ऊन झाकते. बागेतली अनोळखी माणसं हात हलवत होती, वरची माणसंही हलवत होती. जावयांचा फोन आला, आम्ही नवव्या मजल्यावर आहोत, डाव्या बाजूला. आम्ही दोघींनी नववा मजला मोजायला घेतला, खालून मोजला तर एक येई, वरून मोजला तर दुसराच. लेकीने माझी पिवळी ओढणी काढून घेतली आणि दोन्ही हातांनी हलवायला लागली. फोनमधून नातू ओरडला, "दिसली! आजीची ओढणी दिसली!" आम्हाला तो शेवटपर्यंत दिसला नाही. लेक रडत होती आणि ओढणी हलवत होती, जहाज लांब जाऊन बोटाएवढं झालं तरी.

मधले चार दिवस मायामीत काढले. लिटल हवाना या तिथल्या क्यूबन वस्तीतली कॉफी फार कडक.

पैसे गेले ते गेले. तिकिटाचे काही परत मिळत नाहीत, बंदराचे कर तेवढे आले. विमा होता, पण अपुऱ्या कागदांसाठी विमा नसतो. त्याचं मला वाईट वाटतंच, पण खरा राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. ऑनलाइन चेक-इनला मुदतीचा रकाना होता, पासपोर्टच्या नंबराचा होता, फोटो चढवायचा होता. 'तुमचा व्हिसा याच पासपोर्टात आहे का?' एवढा एक प्रश्न कुठेही नव्हता. आपण सगळे मुदतीच्याच मागे असतो. माझी धाकटी बहीण सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझला जायची होती, तेव्हा घरात महिनाभर सहा महिन्यांचाच विषय. सिंगापूर, मलेशिया, थायलंड, तिघांनाही पोचण्याच्या दिवसापासून सहा महिने मुदत शिल्लक लागते. युरोपात शेंगेन गटातल्या देशांत तीन महिने, तेही परत निघण्याच्या तारखेनंतर, आणि पासपोर्ट दहा वर्षांहून जुना नको. हे सगळं मला पाठ होतं. मुदतीत मी पूर्ण पास होते. रद्द झालेल्या पासपोर्टाकडे मात्र आपण मेलेलं पुस्तक म्हणून बघतो. कुणी कपाटात तळाशी टाकतं, कुणी जपून ठेवतं, दोन्हीचा परिणाम एकच. कुणी म्हणे व्हिसाचं पान कापून नव्यात चिकटवायला निघालं होतं. असं कृपा करून करू नका, पानाला हात लावला की तो व्हिसाच बाद होतो.

शुक्रवारी सकाळी टर्मिनलबाहेर उभ्या होतो. नातू उन्हाने तांबूस झालेला, एका हाताने माझी बॅग ओढत आला. "आजी, तुझी बॅग मेक्सिकोला जाऊन आली," म्हणाला. मग जरा थांबून, "आतली बाकरवडी मी आणि बाबांनी खाल्ली. रोज रात्री बाल्कनीत. तुझ्या वाटच्या चार ठेवल्यात." पाकीट रबरबँडने बंद केलेलं होतं.

एडिसनला घरी आल्यावर चप्पल काढून आधी खण उघडला. जुना पासपोर्ट होता तिथेच होता. व्हिसावरचा २०१७ चा माझा फोटो, कपाळावर मोठी टिकली. बाकरवडीच्या पाकिटाचा रबरबँड काढला आणि दोन्ही पासपोर्टांना घातला.