एकेका बैलाचे धनी

"काय री सर, ब्राझीलनं आमच्या उसावर केस घातली म्हणता, आणि वर त्यांच्याशीच दोस्ती?" हा प्रश्न मला निपाणीच्या बाजारात विचारला जातो, लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, एकदा तर तोड चालू असताना फडात विचारला गेला. मी राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालो, आणि मलिकवाडजवळ माझा दोन एकर ऊस आहे. त्यामुळं असल्या प्रश्नाला सापडायला मीच बरा. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सवडीनं सांगतो.

आधी केस. 2019 साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला जागतिक व्यापार संघटनेत गेले. तक्रार अशी, की भारत उसाला दर बांधून देतो, वर साखर निर्यातीला अनुदान देतो, आणि त्यानं जगाच्या बाजारात भाव पडतो. डिसेंबर 2021मध्ये निकाल आपल्या विरुद्ध लागला. म्हणजे ज्या एफआरपीसाठी, सरकारनं बांधून दिलेल्या उसाच्या किमान दरासाठी, आपली माणसं रस्त्यावर बसतात, तीच जिनिव्हात, संघटनेच्या दारात, आपल्याविरुद्धचा पुरावा ठरली. आपण अपील केलं. पण अपील ऐकणाऱ्या पीठावर माणूसच नाही. अमेरिकेनं नेमणुका अडवून धरल्यामुळं डिसेंबर 2019पासून ते बंद पडलंय. म्हणून अपील पडून आहे, आणि तोवर निकालही लागू होत नाही.

आता दोस्ती. 9 सप्टेंबर 2023ला, दिल्लीत जी-20ची परिषद चालू असताना, जैवइंधनाची जागतिक आघाडी जाहीर झाली, आणि त्यात भारत आणि ब्राझील दोघेही पुढं होते. ब्राझील या धंद्यात आपल्यापेक्षा फार जुना. 1973 साली तेलाचे भाव भडकल्यावर त्यांनी 1975पासून उसाच्या इथेनॉलवर गाड्या चालवायचा सरकारी कार्यक्रमच काढला. आपण पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉलपर्यंत पोचलो ते आत्ता, 2025मध्ये. दोघांनाही इथेनॉलला जगभर गिऱ्हाईक हवंय. शिवाय जितका रस इथेनॉलकडं वळेल तितकी ज्या साखरेवरून भांडण, ती साखरच कमी.

हे ऐकून लोक मान हलवतात, पण पटलेलं नसतं. मग मी वडिलांची गोष्ट काढतो.

आमचे वडील आणि चुलते यांची बांधावरून चिकोडीच्या कोर्टात केस होती. अकरा वर्षं चालली. दोघांकडं एकेकच बैल. आमचा तांबडा, त्यांचा भुंडा, एका शिंगाचा. एका बैलानं नांगर चालत नाही, म्हणून पैरा, म्हणजे दोघांचे बैल एकत्र जुंपून आळीपाळीनं दोघांचं रान नांगरायचं. वापसा आला, म्हणजे जमीन नांगरायजोगी झाली, की एका वर्षी पहिली पाळी आमची, दुसऱ्या वर्षी त्यांची. तांबडा उंच, भुंडा ठेंगणा, त्यामुळं जू कायम एका बाजूला कललेलं असायचं आणि वडील ठेंगण्याच्या बाजूला चिंध्या बांधून ते सारखं करायचे. तारखेला दोघं एकाच बसनं चिकोडीला जायचे, वेगवेगळ्या बाकांवर बसून. एका वर्षी चुलत्यांनी स्वतःचं रान उरकून घेतलं आणि आमच्या पाळीला बैल दिलाच नाही. आमची पेरणी आठ दिवस लांबली, आई महिनाभर त्यांच्या नावानं बोटं मोडत होती. पुढच्या वर्षी पैरा पुन्हा ठरला, फक्त पहिली पाळी आमची, असं चार माणसांपुढं बोलून.

भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका हे मला असेच एकेका बैलाचे धनी वाटतात. जग आपल्या मर्जीनं चालवायला अमेरिका-चीनकडं आहे तशी स्वतःची जोडी नाही, आणि कुणी म्हणेल तिथं सही करण्याइतके लहानही नाहीत. 2003पासून या तिघांचा इब्सा नावाचा गट आहे. दरवर्षी प्रत्येकी 10 लाख डॉलर एका निधीत घालून ते आपल्याहून गरीब देशांत छोटी कामं करतात. रक्कम म्हणाल तर किरकोळ. पण बैल न देण्याचे प्रसंग इथंही आहेतच. करोनाच्या लशींवरचे पेटंटहक्क काही काळ बाजूला ठेवा, असं ऑक्टोबर 2020मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेनं मांडलं, तेव्हा ब्राझील विरोधात गेला. आणि जानेवारी 2021मध्ये आपल्याकडून 20 लाख डोस पोचल्यावर त्यांच्या अध्यक्षांनी संजीवनी आणणाऱ्या हनुमानाचं चित्र टाकून धन्यवाद मानले! (बैलांवरून आठवलं. ब्राझीलमधली मांसाची बहुतेक गुरं नेलोर जातीची, म्हणजे आपल्या आंध्रातल्या ओंगोलचा वंश. पैरा तसा जुनाच आहे.)

एका बाबतीत मात्र मी आपल्याच सरकारवर नाराज आहे. अपिलाचं पीठ बंद पडल्यावर युरोपीय संघ, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशांनी 2020मध्ये आपापसात लवादाची पर्यायी सोय केली. मोठ्यानं दार लावलं म्हणून मधल्यांनी दुसरं दार काढलं. भारत त्यात नाही. कारण कळतं, हरलेल्याला वरचं कोर्ट बंद असलेलं बरंच वाटतं. पण उद्या आपल्याला कुणावर केस घालायची असली तर कुठं जाणार?

आमच्याकडं तर हे रोजचंच आहे. सीमाभागासाठी महाराष्ट्रानं कर्नाटकावर लावलेला दावा 2004पासून सुप्रीम कोर्टात आहे. मलिकवाड–दत्तवाड बंधाऱ्याचं एक टोक कर्नाटकात, दुसरं महाराष्ट्रात, आणि दूधगंगा चढली की दोन्ही टोकं एकदमच पाण्याखाली. 2005 आणि 2019च्या महापुरांनंतर पावसाळ्यात कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती सोडलं, हे आकडे दोन्हीकडचे अभियंते एकमेकांना कळवतात. उन्हाळ्यात कृष्णा आटली की कर्नाटक महाराष्ट्राकडं पाणी मागतं, आणि बदल्यात जत तालुक्याला पाणी देण्याची बोलणी वर्षानुवर्षं चालूच आहेत. दावा काही कुणी मागं घेतलेला नाही.

हे सगळं मी परवा फडात सांगितलं. विचारणारा मोळी बांधता बांधता ऐकत होता. म्हणाला, "मग सर, ते अपील निघालं तर आपली एफआरपी जाणार?"

म्हटलं, "अडचण होईल."

"मग पडूनच राहूंदे की ते."

मी काही बोललो नाही. माझाही ऊस त्याच ट्रॉलीत भरत होता.