ओढ्याचे जुने नाव

कारबॉस्ट, स्काय बेट, स्कॉटलंड. बुधवार, रात्री.

आजचा सारा दिवस ग्लेन ब्रिटल नावाच्या दरीतल्या एका ओढ्याच्या काठाने गेला. प्रवासी ज्यांना ‘फेअरी पूल्स’ म्हणतात ती याच ओढ्याची कुंडे. ओढ्याचे गॅलिक नाव मात्र ‘आल्ट कोर अ व्हाटी’ असे आहे. कुत्र्याच्या दरीतला ओढा, किंवा कोल्ह्यालांडग्याच्या म्हणा. परी त्यात कुठेच नाही.

पाणी इतके नितळ होते की खोल कुंडाच्या तळाचे गोटेही सहज मोजता यावेत. हात घातला आणि लगेच काढून घेतला. इथला काळा खडक गॅब्रोचा, म्हणजे भूगर्भात सावकाश थिजलेल्या शिलारसाचा. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट पृष्ठभागावर ओतला गेला, हा तिथेच थांबला, एवढाच त्यांच्यातला भाऊबंदकीचा फरक. त्याच्या खरखरीत अंगावर बूट घट्ट बसतात, पण त्यातल्या लोहामुळे होकायंत्र भरकटते, म्हणून धुक्यात इथल्या कुलिन डोंगररांगेच्या कड्यांवर चढू नये.

वर गेल्यावर, ‘लुटीची दरी’ असा अर्थ असलेल्या कोरे ना क्रेहेमध्ये, बराच वेळ बसून राहिलो. 1601 मध्ये मॅकडोनाल्ड आणि मॅक्लाउड या दोन कुळांची लढाई इथे झाली आणि मॅकडोनाल्ड जिंकले; स्कायवरची कुळाकुळांतली ती शेवटची लढाई मानतात. भांडणाचे मूळ सांगतात ते असे: मॅकडोनाल्ड प्रमुखाने मॅक्लाउडांच्या मुलीशी वर्षभराच्या बोलीने संसार मांडला, त्या काळात तिचा एक डोळा गेला, आणि मुदत संपताच त्याने तिला एकाक्ष घोड्यावर बसवून, एकाक्ष नोकर आणि एकाक्ष कुत्रा सोबत देऊन माहेरी धाडले. कथा रंगवलेली असेल. अपमानाची ही रीत मात्र मला पूर्ण पटते. एवढे सारे विसरून या पाण्याला परीचे नाव देणे मला थोडे बाळबोध वाटले.

पाऊस थांबला, वारा पडला आणि मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांनी मला तिथून उठवलेच.

संध्याकाळी कारबॉस्टला परतलो. लॉक हारपोर्ट या खाडीच्या काठी असलेल्या या छोट्याशा गावात 1830 पासून टॅलिस्कर व्हिस्की गाळली जाते आणि ओल्या हवेत तिचा वास रस्त्यापर्यंत येतो. मोजे अजून वाळलेले नाहीत.