एक ट्रॅक छपराखालचा, एक उघड्यावरचा

ओरेगनमधला हिवाळी पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही. नुसता झिमझिमत राहतो, दिवसचे दिवस. पोर्टलंडला लेकीकडे मुक्कामाला होतो, आणि खिडकीतून तो पाऊस बघताना माझ्यासारख्या निवृत्त क्रीडाशिक्षकाला एकच प्रश्न पडायचा, ही पोरं सराव करतात कुठे? जावई म्हणाले, "बाबा, सिअ‍ॅटलला चला. तिथे धावण्या-फेकण्याच्या स्पर्धांची मीट आहे, तीही छपराखाली."

पोर्टलंडहून कॅस्केड्स रेल्वेने सिअ‍ॅटल साडेतीन तासांवर. शहरात पोचल्यावर लाइट रेलने युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या स्टेशनवर उतरायचं, डेम्प्सी इनडोअर तिथून पायी. बाहेरून पाहिलं तर एखादं मोठं गोदाम. आत मात्र मधोमध कृत्रिम गवताचं मैदान (अमेरिकन फुटबॉलवालेही इथेच सराव करतात) आणि त्याभोवती ट्रॅक.

हा ट्रॅक ३०७ मीटरचा आहे. इनडोअरचा नेहमीचा ट्रॅक २०० मीटरचा. त्यात वळणं इतकी तीव्र की पुष्कळ ठिकाणी ती उतरती बांधतात, बाहेरची लेन उंच आणि आतली खाली, नाहीतर वेगात धावणारा बाहेर फेकला जाईल. डेम्प्सीची वळणं सपाट आहेत, पण घेर मोठा असल्यामुळे वेग मोडत नाही. म्हणून मैल धावणारे हिवाळ्यात लांबून इथे येतात. विश्वविक्रम मात्र इथे होऊ शकत नाही, इनडोअर विक्रमासाठी २०० मीटरपेक्षा मोठा ट्रॅक चालत नाही. २०० मीटरच्या ट्रॅकवर मैलाला आठ फेऱ्या आणि वर थोडं अंतर, इथे सव्वापाचच्या आसपास. लॅप मोजायची माझी जन्माची सवय, तरी दोनदा गोंधळलो.

आत आवाज कोंडतो. स्टार्टरची बंदूक झाली की छातीत धक्का बसतो. १०० मीटरऐवजी ६० मीटर, आणि अंतिम रेषेपुढे थांबायला जागा कमी म्हणून भिंतीला जाड गाद्या. हातोडाफेक आत शक्यच नाही. त्याऐवजी मुलगे ३५ पौंडांचा, म्हणजे जवळपास १६ किलोंचा, आखूड मुठीचा गोळा गरगर फिरून फेकतात. तो जमिनीवर आपटला की पायाखाली जाणवतं. माझी सौ. तिथून हलायलाच तयार नव्हती.

आपल्याकडे असं काही भुवनेश्वरच्या कलिंगा संकुलात झालंय, तेही अगदी अलीकडे. आपल्याला थंडीची अडचण नाही हे खरं, पण जून ते सप्टेंबर आमची मैदानं चिखलात असायची. सुतळी लावून, फक्की मारून आखलेला ट्रॅक एका सरीत वाहून जायचा. छप्पर हवं ते आपल्याला पावसासाठी.

एप्रिलमध्ये उलट्या दिशेने, दक्षिणेला युजीनला गेलो. युनिव्हर्सिटी ऑफ ओरेगनचं हेवर्ड फील्ड. १९१९ मध्ये हे अमेरिकन फुटबॉलसाठी झालं, नाव मिळालं प्रशिक्षक बिल हेवर्ड यांचं. पुढे बिल बॉवरमन इथले प्रशिक्षक झाले. फिल नाइट हा त्यांचाच धावपटू, आणि दोघांनी मिळून सुरू केलेल्या बुटांच्या धंद्याचंच पुढे नायकी झालं. अमेरिकेचा गाजलेला लांब पल्ल्याचा धावपटू स्टीव्ह प्रीफॉन्टेन, लाडाने 'प्री', इथलाच. नाइट यांच्या मोठ्या देणगीतून जुनं मैदान २०१८ मध्ये पाडलं आणि २०२० मध्ये नवं उभं राहिलं. जुना लाकडी पूर्व स्टँडही त्यात गेला, म्हणून गावातली जुनी माणसं हळहळली. मलाही तो ठेवायला हवा होता असं वाटतं. नवीन वास्तू देखणी आहे, जरा जास्तच. लाकडी कमानींवरचं पारदर्शक छप्पर प्रेक्षकांवर येतं, ट्रॅक मात्र उघडाच. कोपऱ्यात मशालीच्या आकाराचा मनोरा.

पण बांधणाऱ्याला खेळ कळतो, हे खुर्चीत बसल्यावर पटलं. कायमच्या जागा साडेबारा हजारांच्या आसपास, स्टँड उभा चढत गेलेला आणि ट्रॅकला चिकटलेला. स्पाइक्सचा, म्हणजे खिळ्यांच्या बुटांचा, करकर आवाज ऐकू येतो. शेजारच्या आजी हातात घड्याळ धरून प्रत्येक लॅपची वेळ कार्यक्रमपत्रिकेवर लिहीत होत्या, त्यांचं कुणीही धावत नव्हतं तरी!

लेकीच्या ओळखीतल्या एका विद्यार्थिनीमुळे स्टँडखालचा भागही पाहता आला. सहा लेनचा १४० मीटरचा सरळ ट्रॅक, बाहेर पाऊस असला तरी स्प्रिंट आणि हर्डल्सचा सराव चालू. एवढं सगळं करून गोल इनडोअर ट्रॅक नाही! हिवाळ्यात ओरेगनची मुलंही डेम्प्सीसारख्या ठिकाणी जाऊन धावतात.

मी मात्र या मैदानात आलो होतो वेगळ्या ओढीने. २०२२ ची जागतिक स्पर्धा इथे झाली. नीरज चोप्राचं ८८.१३ मीटरचं रौप्य सगळ्यांना आठवतं. मला आठवतो अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत तो इथे ११ वा आला, ८:३१.७५. शर्यत सुरुवातीपासून संथ, त्यात एक कॅमेरामन चक्क ट्रॅकवर उभा, आणि धावणारे त्याला वळसा घालून गेले! पुढच्याच महिन्यात बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८:११.२० मध्ये रौप्य घेतलं. टीव्हीवर इथल्या अकराव्या क्रमांकाने मी चिडलो होतो. इथे बसून वाटलं, संथ शर्यतीत शेवटच्या लॅपला गिअर बदलायची सवय वर्षभर अशाच मीटमधून लागते, दर शनिवारी, तोडीस तोड पोरांबरोबर. आपल्या पोराला देशात तशी जोडी मिळतेच कुठे?

जाणार असाल तर मोठ्या स्पर्धेची वाट पाहू नका, एप्रिलमधली साधी विद्यापीठाची मीट गाठा. आणि विलामेट नदी ओलांडून ऑल्टन बेकर पार्कमधल्या प्रीज ट्रेलवर एक चक्कर टाका. लाकडाच्या कपच्यांची पायवाट आहे, गुडघ्यांना फार बरी. आमच्या सौ.नी तर परतीची गाडी चुकवायची तयारी दाखवली होती.