धुतलेलं इंजिन

दुपारच्या उन्हात कडुनिंबाखाली उभी केलेली स्विफ्ट डिझेल. मागच्या काचेवर ‘विकणे आहे’, खाली मोबाइल नंबर. बॉनेट उघडलं तर आत सगळं लख्ख, रबरी होजवरसुद्धा पॉलिश फवारलेलं. मन खट्टू होतं ते इथेच. नऊ-दहा वर्षं रस्त्यावर राहिलेल्या गाडीचं इंजिन मळकं असायला हवं. धूळ कुठे ओली होऊन चिकटलीय त्यावरून इंजिनावरचं टॅपेट कव्हर पाझरतंय की टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, होजमधून ऑइल येतंय, हे नुसत्या डोळ्यांनी कळतं. धुतलेल्या इंजिनावर ते सगळं पुसलेलं असतं.

त्यातून मालक स्वतःच सांगतो, इंजिनचं थोडं काम आहे, बाकी गाडी कडक. म्हणून तर भाव पाडलाय. आणि ऐकणाऱ्याचा हात नकळत खिशाकडे जातो.

‘थोडं काम’ ऐकून भुलण्याचं मूळ बहुधा प्रीमियर पद्मिनी गाडीच्या जमान्यात असावं. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली, 1089 सीसीची. मे महिन्यात पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकी घाटाच्या चढावर कडेला दोन-तीन तरी बॉनेट वर करून उभ्या असायच्याच. डिकीत पाण्याचा कॅन. मुलांना लांब उभं करून ओल्या फडक्याने रेडिएटरचं झाकण जरा जरा सैल करायचं, वाफ गेली की पाणी ओतायचं आणि इंजिन चालू ठेवूनच ओतायचं, नाहीतर गरम हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या धातूच्या झाकणाला, तडा. ठिणगीच्या पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवायचा, कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, तोंडाने फुंकायचा, की गाडी महाबळेश्वरला. इंजिनची तक्रार हा तेव्हा गाडी न घेण्याचा मुद्दाच नव्हता. आता डिझेल गाडीच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, हजार बारच्या वर दाब असतो, तिथला डिझेल फवारणारा इंजेक्टर कुणी तोंडाने फुंकू शकत नाही. तरी ‘थोडं काम’ ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर पॉलिश पेपरच येतो.

स्विफ्टमधलं हे 1248 सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन मूळ फियाटचं. डिझायर, रिट्झ, पुंटो, इंडिका व्हिस्टा, सगळ्यांत तेच. त्यामुळे पार्ट मिळतात, मिस्त्रीही मिळतो. व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवायला या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दहा हजार किलोमीटरवर बदलायचं ऑइल कुणी वीस हजार किलोमीटरपर्यंत ओढलं की चेन ताणते आणि सकाळच्या पहिल्या सेल्फला दोन-तीन सेकंद खडखडते. मग आवाज बंद. म्हणून गाडी बघायला जायचं तर आधी फोनवर सांगायचं, आम्ही येईपर्यंत सेल्फ मारू नका. पोचल्यावर पहिल्यांदा हात बॉनेटवर. गरम लागलं, म्हणजे इंजिन आधीच चालवलेलं, तर चहा घ्यावा आणि उद्या येतो म्हणावं. चेन दात सोडून सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात, आणि मग ‘थोडं’ हा शब्द कुणी काढत नाही.

धुराचे रंग सगळ्यांना पाठ असतात. काळ्याला लोक उगाच घाबरतात. बरेचदा तो ईजीआर, म्हणजे धूर थोडा परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, किंवा इंजेक्टरचा असतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा थंडीत सुरुवातीला येतोच, पण गाडी तापल्यावरही राहिला आणि गोडसर वास आला, तर ती कूलंट, म्हणजे रेडिएटरचं पाणी, पितेय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उलटं ठेवून बघावं. थोडी वाफ चालते, पण झाकण नाचायला लागलं तर पिस्टन आणि त्यावरच्या रिंगांचं काम आलं. पेट्रोल गाडी असेल तर सिलिंडरमधला दाब मोजणारं कंप्रेशन गेज लावून घ्यावं. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर रिंगा, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधली पातळ पट्टी.

हेड गॅस्केटवाल्या गाड्या सगळ्यात फसव्या. गॅस्केट स्वतः फार महाग नसतं; पैसा जातो हेड उतरवण्यात, फेसिंगमध्ये, म्हणजे वाकलेलं हेड घासून सपाट करण्यात, नव्या हेड बोल्टमध्ये. हेड साधारण 0.05 मिमीपेक्षा जास्त वाकलं असेल तर फेसिंग आलंच. ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर दुधाळ चहा दिसला, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं, तर बेअरिंगांनीही पाणी प्यायलंय असं धरावं. पण खरा प्रश्न वेगळाच, गाडी तापलीच का? रेडिएटर बोअरच्या पाण्याने चोंदलाय, पंखा लागत नाही, की आधीच्या कुणी पाण्याचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅटच काढून फेकलाय? ते शोधलं नाही तर नवं गॅस्केट पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उडतं. भाव गॅस्केटचा कमी केलेला असतो, आजाराचा नाही.

आणि मालकाला एकच विचारावं. काम वीस हजारांचं म्हणता आणि भाव सत्तर हजारांनी पाडलाय, मग करून का नाही विकत? कधी उत्तर सरळ असतं, बदली झाली, गाडी वडिलांची होती, आता नको. बहुतेकदा माणूस दुसरीकडे बघतो. त्या पन्नास हजारांत काय दडलंय ते त्याच्या मिस्त्रीने त्याला सांगितलेलं असतं.

आमचं आणखी एक खूळ. अर्धवट दुरुस्त केलेल्या इंजिनापेक्षा बिघडलेलं पण न उघडलेलं बरं. जोडाजोडातून राखाडी सीलंट बाहेर आलेला दिसला की आत कोणते बोल्ट किती आवळलेत हे देवच जाणे. पुण्याच्या नाना पेठेतून पार्ट आणून, सिलिंडर बोअर करून (आतून घासून मोठा करून), ओव्हरसाइज पिस्टन टाकून केलेलं इंजिन छान चालतं, पण बिलं बघावीत. ब्लॉक बदलला असेल तर त्यावरचा नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळतो का ते आधी बघावं, भावाचं नंतर.

हे सगळं पैशांचं झालं. पण एक तक्रार अशी आहे की जी ऐकून लोक हसत हसत गाडी घेतात. चालता चालता मध्येच बंद पडते, पाच मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, सेन्सरचं आहे, दीड-दोन हजारांचं काम. खरंच असेलही. इंजिनचा फिरण्याचा वेग टिपणारा क्रँक सेन्सर तापला की असं करतो. पण इंजिन बंद पडलं की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचं व्हॅक्यूम तुटतं. एक-दोनदा दाबल्यावर पेडल कडक होतं, सगळा जोर पायाचा, आणि पॉवर स्टीअरिंगही त्याच क्षणी जड होतं. उतारावर, मागे ट्रक असताना, नवख्या माणसाला हे कळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ वळण देत नाही. अशी गाडी घ्यायची तर खुशाल घ्यावी, पण टो करून गॅरेजला न्यावी. पोराबाळांना बसवून घाटातून घरी आणू नये.