स्प्रे १:२४ : नाळेच्या फळ्या बसल्या एकदाच्या!

जोशुआ स्लोकमने एकट्याने जगप्रदक्षिणा केली त्या ‘स्प्रे’ या शिडाच्या बोटीचं १:२४ मॉडेल मी करतोय. मागच्या अपडेटपासून नाळेजवळच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, फळ्यांनी जो छळ मांडला होता तो संपला, म्हणजे डाव्या बाजूचा तरी, उजवी बाकी आहे पण आता तिची धास्ती नाही.

स्प्रे किती गुबगुबीत आहे ते तुम्हाला माहितीये, ३६ फूट ९ इंच लांब आणि १४ फूट २ इंच रुंद, म्हणजे आपल्या स्केलला साधारण ४७ बाय १८ सेंमी. ही सगळी रुंदी पुढे जराशा अंतरात आवळायची. खरी फळी दीड इंची म्हणून मी १.६ मिमी बासवूड (मॉडेलसाठीचं मऊ लाकूड) घेतलं आणि तिथंच घोडं अडलं. सरळ पट्टी नाळेकडे वळवली की खालची कड उचलते, क्लॅम्प लावा, बसते, क्लॅम्प काढा, परत वर! गरम पाण्यात भिजवून झालं, इस्त्रीने कडेवर वाकवून झालं, तर आतल्या कडेला सुरकुत्या नाहीतर सरळ तडाच. स्टीलर, म्हणजे फळ्यांमधल्या फटीत बसवायचे निमुळते तुकडे, घातले तर ते ठिगळ लावल्यासारखे दिसायला लागले.

मग म्हटलं स्लोकमने खरी स्प्रे बांधताना काय केलं बघू. त्याने कोवळ्या सरळ झाडांच्या फासळ्या वाफेवर मऊ करून ओंडक्यावर वाकवल्या, पण त्या फासळ्या. खऱ्या बोटीत रुंद फळी कडेवर वाकवत बसत नाहीत, मोठ्या फळीतून वक्र आकारच कापून काढतात. म्हणजे स्पायलिंग. उघड्या बल्कहेडवर (सांगाड्याच्या आडव्या फळ्यांवर) मास्किंग टेप अजिबात न ताणता लावली, वर बसलेल्या फळीची कड पेन्सिलने उतरवली, खालच्या कडेच्या खुणा टिक स्ट्रिपवरून, म्हणजे मापं टिपलेल्या कागदाच्या पट्टीवरून, घेतल्या, टेप सोलून रुंद शीटवर चिकटवली आणि कापलं. फळी टेबलावर चांगलीच वाकडी दिसते, बोटीवर ठेवली की एकदम सरळ! बोटाने दाबली तरी बसली, क्लॅम्प फक्त गोंद सुकेपर्यंत. आणि गोंद पांढराच वापरा, सुपरग्लू फळी सरकवायला वेळच देत नाही. तयार पट्ट्यांच्या नादी तर लागूच नका, १.६ म्हणून आलेल्या पट्ट्या कॅलिपरवर १.४ पासून १.८ पर्यंत काय वाट्टेल ते दाखवतात. प्रपोर्शनल डिव्हायडरही (मापं प्रमाणात लहानमोठी करणारा कंपास) नको, कागदाची पट्टी पुरते.

मधल्या वेळात अर्धी डोरी, म्हणजे स्प्रेवरची छोटी होडी, झाली. ग्लॉस्टरला स्लोकमने कुणीतरी टाकून दिलेली डोरी मधोमध कापून कापलेल्या तोंडाला फळ्या ठोकल्या होत्या, कारण अख्खी डेकवर मावत नव्हती, आणि तीच त्याची कपडे धुवायची आणि आंघोळीची टबसुद्धा. माझी अंगठ्याएवढी आहे पण आतल्या फासळ्यांसकट, फार लाडकी झालीये. याच माणसाने पोरवयात केलेलं जहाजाचं मॉडेल बापाने फोडलं होतं, तरी चौदाव्या वर्षी घर सोडून समुद्रावर गेलाच.

रिगचं, म्हणजे डोलकाठ्या आणि शिडांच्या मांडणीचं, मात्र बदलतंय. मी यॉल (मागे आणखी एक छोटी डोलकाठी असलेली) करणार होतो. पण २४ एप्रिल १८९५ ला बोस्टनहून निघाली तेव्हा स्प्रे स्लूप (एकाच डोलकाठीची) होती, ब्युनोस आयर्सला डोलकाठी ७ फुटांनी कापली, मागची छोटी काठी आणि शीड त्यानंतरचं. हे टाइप करतानाच सुचलं, ७ फूट म्हणजे आपले जवळजवळ ९ सेंमी, मग दोन डोलकाठ्या करून बिनगोंदाच्या का ठेवू नयेत? कधी स्लूप, कधी यॉल! बोस्प्रिट (नाळेतून पुढे आलेला दांडा) पण दोन लागतील, कारण तोही त्याने तिथंच आखूड केला. अडचण फक्त डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या ताणदोरांची, डोलकाठी बदलली की लांबी बदलणार. डेडआयऐवजी (ताणदोर आवळायच्या भोकांच्या लाकडी चकत्या) खाली बारीक हुक चालतील का? कुणी केलं असेल तर फोटो टाका, तोवर मी उजव्या बाजूला टेप लावायला घेतो.